किडा घातलेलं अंडं

कुणी जर तुम्हाला म्हणालं की चला, आपण एक राष्ट्रीय संस्था काढू या, तर त्याला चहा पाजा, घरच्यांची खुशाली विचारा आणि रिक्षात बसवून द्या. मी तसं केलं नाही. उलट मीच तिघांना घरी बोलावून चहा पाजला आणि मीच म्हणाले, काढू या. म्हणून आज कबुतरांच्या शर्यती भरवणारी एक राष्ट्रीय संस्था या देशात आहे. तिचं एक बोधचिन्ह आहे, त्यातलं कबूतर मी माझ्या हातानं काढलेलं आहे, आणि ते कुठे छापलेलं दिसलं की मला जेवण जात नाही.

शर्यतीचं कबूतर म्हणजे काय ते आधी सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही खिडकीतल्या एसीवर घाण करणाऱ्या पाखरांना शिट्ट्या मारून पळवतो. ही पाखरं वेगळी. लांब नेऊन सोडली की ती आपल्या घरी परत येतात, एवढाच त्यांचा गुण. प्रत्येकाच्या पायात नंबर असलेलं रबरी कडं घालतात, सगळ्यांना टोपल्यांत भरून ट्रकनं दूरच्या गावी नेतात आणि उजाडताना एकदम सोडतात. मग ज्यानं त्यानं आपापल्या गच्चीवर आभाळाकडे डोळे लावून बसायचं. पाखरू उतरलं की कडं काढून एका खास घड्याळात टाकायचं, त्यात वेळ उमटते. कुणाची गच्ची जवळ पडते, कुणाची लांब, म्हणून अंतराला वेळेनं भागून वेग काढायचा. ज्याचा वेग जास्त तो जिंकला. हा भागाकार करायला कुणीतरी हवं होतं आणि मी विमा कचेरीत हिशेबात आयुष्य घालवलेली बाई. अशा रीतीनं मी सरचिटणीस झाले.

मी मूळची निपाणीची. वडिलांकडे कबुतरं होती, ती माहेरीच राहिली आणि त्यांचं वेड माझ्याबरोबर बेंगळुरूला आलं. येलहंकाला आमच्या घराच्या गच्चीवर माझं खुराडं आहे. हवाई दलाची विमानं डोक्यावरून गेली की पाखरं एकदम दबून बसतात आणि मग आपणच उगाच घाबरलो अशा थाटात पंख झाडतात. नवऱ्याला पाखरांचं प्रेम नाही आणि रागही नाही. तो गच्चीवर फक्त टाकीतलं पाणी बघायला येतो.

संस्था काढताना आम्ही चौघं होतो. त्यातले एक गृहस्थ पहिल्याच वर्षी चेन्नईच्या मंडळींशी भांडून निघून गेले, त्यांना आपण सोडून देऊ. दुसरे अध्यक्ष. हे पुण्याचे, इथे कोरमंगलात यांची कंपनी, यांची पाखरं परदेशातून विमानानं आलेली. अध्यक्ष पाखराला हात लावताना रबरी मोजे घालतात. आणि तिसरे अण्णा. अण्णांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून इकडे आलेलं. बेंगळुरूच्याच शिवाजीनगरात स्कूटरची सीट कव्हरं शिवायचं त्यांचं दुकान, दुकानावर घर आणि घरावर खुराडं. ते माझ्यापेक्षा बरेच मोठे, तरी मला अक्का म्हणत. गावोगावच्या क्लबांचे निरनिराळे नियम, निरनिराळी कडी, निरनिराळ्या लबाड्या. त्या सगळ्यांना एका नियमात बांधायचं, ही कल्पना मुळात अण्णांची होती आणि मला ती फार आवडली होती.

पाखरांची विष्ठा मी रोज खरवडते. तिला वास असतो, पण पाणी मारलं की जातो. संस्थेच्या बैठकांचा वास अजून माझ्या अंगाला येतो. शाल कुणाच्या खांद्यावर आधी घालायची यावरून एक बैठक संपलेली मी पाहिली आहे. फ्लेक्सवर आपला फोटो पाखराच्या फोटोपेक्षा लहान आला म्हणून एका शहराची शाखा फुटली. हैदराबादच्या एका सभासदानं दुसऱ्याचं वाट चुकलेलं पाखरू पकडून ठेवलं आणि वर ते आजारी होतं, मी सेवा करत होतो, असं सगळ्यांसमोर सांगितलं. घड्याळावर सुद्धा कुणाचा विश्वास नसे. शेवटी मी एक पद्धत घालून दिली: शर्यतीच्या दिवशी प्रत्येकाच्या गच्चीवर दुसऱ्याच कुणा सभासदानं साक्षीदार म्हणून बसायचं आणि जे दिसेल त्यावर सही करायची. त्यावर पहिला प्रश्न आला तो साक्षीदाराला नाश्ता कुणी द्यायचा हा.

तरी मी टिकले, कारण अण्णा होते. बैठकीत आरडाओरडा सुरू झाला की ते खिशातून शेंगदाणे काढून मला देत आणि हळूच म्हणत, "खावा अक्का, संपेल स्वल्प वेळात." अख्ख्या संस्थेत लबाडी न करणारा एक माणूस आहे आणि तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो, एवढं मला पुरत होतं.

अण्णा कधीच जिंकले नव्हते. दुसरे, तिसरे बरेचदा आले, पण पहिले कधी नाही. त्यांच्या मुलांना गच्चीवर खोल्या काढून पीजी चालवायचं होतं. मुलांनी त्यांना सरळ सांगितलं होतं: आयुष्यभर पाखरांमागे धावून काय मिळवलंत ते या वर्षी दाखवा, नाहीतर खुराडं उतरवू. अण्णांनी हे मला हसत हसत सांगितलं, पण सांगताना हातातली सुई चुकीच्या टाक्यात गेली आणि सगळी शिवण उसवावी लागली. तेव्हापासून त्यांनी जिंकावं हे मला त्यांच्याइतकंच हवं होतं. जिंकूनही ते तसेच राहावेत, हेही हवं होतं.

आता खेळातली एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. पाखरू परत का येतं यावर मोठमोठी माणसं भांडतात. ते लवकर का येतं, हे मात्र निपाणीत माझ्या वडिलांनाही ठाऊक होतं. घरी त्याचा जीव अडकलेला असतो म्हणून. अंडी फुटायला आलेली मादी शर्यतीला धाडली तर ती वाटेत पाणी प्यायलाही खाली उतरत नाही. आम्ही सगळेच अशा माद्या धाडतो, मीही धाडते. मागे नर अंड्यांवर बसलेला असतो, मादी येते, पिल्लं निघतात, सगळं मार्गी लागतं. त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नव्हतं.

मग अध्यक्षांनी कोरमंगलातल्या एका हॉटेलात सभासदांसाठी शिबिर भरवलं. प्रोजेक्टर, गळ्यात ओळखपत्रं, बाहेरून बोलावलेले एक तज्ज्ञ. या तज्ज्ञांनी टेबलावर कबुतराच्या अंड्याचं एक कवच ठेवलं. भोक पाडून आतला बलक काढून टाकलेला होता. त्यांनी डबीतून एक जिवंत अळी चिमट्यानं उचलली, भोकातून आत सोडली आणि वर मेणाचा थेंब देऊन भोक बंद केलं. म्हणाले, हे मादीखाली ठेवायचं. आत वळवळ झाली की तिला वाटतं पिल्लू निघायला आलं. मग तिला उचलायचं आणि टोपलीत घालायचं. अशी मादी जशी उडते तशी कुठलीच उडत नाही.

ते अंडं सगळ्यांच्या हातांत फिरलं. माझ्या तळहातावर आलं तेव्हा आत काहीतरी सरकलं. मी ते पुढच्या माणसाच्या हातात जवळजवळ फेकलंच. आजूबाजूला टाळ्या वाजत होत्या. जेवणात अंडा करी होती आणि लोकांनी ती मिटक्या मारत खाल्ली. मी ताट तसंच सरकवलं, आणि ते त्या अळीमुळे नव्हे, त्या टाळ्यांमुळे.

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडला की ही युक्ती नियमानं बंद करावी. अध्यक्ष हसले. "मॅडम, इट्स जस्ट मोटिव्हेशन. बर्डला काही हार्म होत नाही. आणि बर्डला कुठे कळतंय?"

"कळत नाही तर मग ती एवढी जिवाच्या आकांतानं येते कशाला?" मी विचारलं.

मतदान झालं. ठरावाच्या बाजूनं दोन हात वर गेले. एक माझा, एक अण्णांचा. ठराव पडला. जिना उतरताना अण्णा म्हणाले, "छी छी अक्का, आईला फसवून जिंकायचं? असलं पाप कोण करील?" मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की संस्थेत अजून एक माणूस शिल्लक आहे.

राष्ट्रीय शर्यत ठरली. नागपूरच्या अलीकडच्या एका माळावरून सगळ्या शहरांची पाखरं एकदम सोडायची होती. अण्णांनी एकच मादी धाडली, राखाडी रंगाची, एका पंखात दोन पांढरी पिसं असलेली. ती अंड्यांवर होती आणि अंडी फुटायला आली होती, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. कुणी कुणाच्या गच्चीवर बसायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या. मला अण्णांची गच्ची आली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पाखरं सोडली त्या दिवशी बेंगळुरूत कुणाचंच पाखरू पोचलं नाही. एवढं अंतर एका दिवसात क्वचितच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मी शिवाजीनगरला गेले. खाली दुकानांची शटरं अजून बंद होती, बसस्टँडवर मात्र गलका सुरू झालेला. अण्णांनी बेकरीतून खारा बन आणून ठेवला होता, पण दोघांनीही तो खाल्ला नाही. अण्णा खुर्चीत बसत, उठत, परत बसत. मुलगा एकदा वर येऊन गच्ची पावलांनी मोजून गेला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मादी आली ती घारीसारखी घिरट्या घेत नाही, वरून टाकलेल्या चिंधीसारखी आली. फळीवर आपटली, तोल जाऊन सावरली. छातीची पिसं तेलकट होऊन चिकटली होती आणि चोच उघडी होती. अण्णांनी कडं काढलं, घड्याळात टाकलं आणि "अक्का, बघा, वेळ बघा!" म्हणून ओरडले. मी वेळ पाहिली, लिहून घेतली. मादीपुढे पाण्याचं भांडं होतं. ती त्याच्याकडे न बघता चालत आपल्या खणात गेली.

खणात तिची मातीची परळ होती. परळ रिकामी होती.

ती परळीभोवती एक फेरा मारून आली. चोचीनं काड्या उलटून पाहिल्या. घशातून एक बारीक आवाज काढला, पाखरं आपल्या पिल्लासाठी काढतात तसा. मग ती परळीत चढली, पोट दोन्हीकडे हलवून अंडी सारखी करतात तसं केलं आणि रिकाम्या मातीवर बसली.

"अण्णा, अंडी कुठायत?"

"गार निघाली की, अक्का. दोन्ही."

"फुटायला आलीत म्हणाला होतात."

"म्हणालो होतो." ते घड्याळ फडक्यानं पुसत होते.

"मग ही कशावर आली?"

अण्णांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "ते आत घातलं होतं स्वल्प."

"काय घातलं होतं?"

"तेच. तुम्ही हातात घेतलं होतं की."

"आणि ते कुठाय?"

"टाकलं. हिला टोपलीत घातली तेव्हाच टाकलं. आतला किडा मेला की वास मारतो, अक्का."

मला राग यायला हवा होता, पण आली ती शिसारी. त्या वासाची काळजी करणाऱ्या आवाजाची शिसारी. मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही माझ्याबरोबर हात वर केला होता."

"केला होता. मनापासून केला होता." ते खरंच दुखावल्यासारखे दिसले. "नियम झाला असता तर मी घातलं असतं का? सांगा तुम्ही. पण नियम झाला नाही. सगळे घालणार, आणि मी एकट्यानं खुराडं उतरवून पोरांना खोल्या बांधून देऊ?"

नियम माझेच, पद्धत माझीच, आणि त्यात हे बसत होतं. मी साक्षीदाराची सही केली. दुपारपर्यंत सगळीकडच्या वेळा आल्या, मी भागाकार केले, आणि अण्णा पहिले आले. अध्यक्षांचा फोन आला, "अमेझिंग बर्ड!" खाली दुकानापुढे माणसं जमली. मुलानं बापाच्या पायाला हात लावला. जो मुलगा सकाळी गच्ची मोजत होता तोच आता लोकांना वर आणून खुराडं दाखवत होता. लोक खणापाशी वाकून मोबाईलवर फोटो काढत होते आणि मादी त्या गर्दीत रिकाम्या परळीवर तशीच बसून होती. पाणीसुद्धा तिनं फार उशिरा घेतलं, एकदा उठून, घाईघाईनं, आणि परत जाऊन बसली.

मला ते बघवेना. अण्णांना पेढे भरवणाऱ्या गर्दीतून मी वाट काढत खाली आले, कॅब केली आणि येलहंकाला घरी गेले. माझ्या खुराड्यात एका जोडीची दोन अंडी होती. त्यातल्या एकाला सकाळीच आतून चोच लागली होती, कवचावर चांदणीसारखी बारीक भेग दिसत होती. ते मी घेतलं, दुसरं त्यांचं त्यांना ठेवलं. कापसात गुंडाळून पदराखाली छातीशी धरलं आणि तशीच परत निघाले. हेब्बाळच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. ड्रायव्हरनं विचारलं, पोटात दुखतंय का अक्का, हॉस्पिटलला घेऊ का. मी म्हणाले, नको, सरळ शिवाजीनगर. वाटभर आतून टकटक होत होती, फार बारीक, मधेच थांबून परत.

गच्चीवर तोवर कुणी नव्हतं, मिरवणूक खाली रस्त्यावर गेली होती. मी खणात हात घातला तशी मादीनं मला जोरात चोच मारली. मी अंडं परळीच्या काठाशी ठेवलं. तिनं मान वाकडी करून बघितलं, मग चोचीच्या खालच्या बाजूनं ते ओढत ओढत पोटाखाली नेलं. मग तिनं डोळे मिटले. मी तिथेच फरशीवर बसून रडले. त्या दिवसात मला चांगलं वाटलेली ती एकच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला, पिल्लू निघालं म्हणून. मी लगेच गेले नाही. त्यांच्या तोंडाकडे बघायची इच्छा नव्हती. आठवड्यानं गेले तेव्हा पिल्लू चांगलं थोराड झालं होतं. पिवळट केसांचं, डोळे नुकते उघडलेले, कुरूप. मादी त्याला गळ्यातून भरवत होती. अण्णा खणाशी उभे होते. मला बघून त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अक्का, तुम्ही मला पापातून सोडवलंत. मी त्या दिवसापासून झोपलो नव्हतो."

मला वाटलं, झालं, माणूस परत आला. मी म्हणाले, "जाऊ दे अण्णा."

"नाही, नाही, ऐका. मी अध्यक्षांना सगळं सांगितलं. त्यांनाही फार पटलं, त्यांनी सगळ्या शाखांना कळवलंसुद्धा. किड्याची भानगडच नको. पुढच्या नॅशनलला खरंच चोच लागलेलं अंडं ठेवायचं खाली, तुमच्याकडून आणून. तासभर बसू द्यायची, आतली टकटक ऐकू द्यायची, आणि मग उचलून टोपलीत. फसवणूक नाही काही नाही, सगळं खरं." ते माझे हात हलवत होते. "किड्यावर ही एवढी आली, अक्का. जिवंत पिल्लावर बघा कशी येईल!"

पिशवीत माझा फोन सारखा वाजत होता. मी नंतर पाहिलं तर सात शहरांतून सभासदांचे निरोप होते. मॅडम, तुमच्या पद्धतीसाठी अभिनंदन, आमच्यासाठी किती अंडी राखून ठेवाल.